नकाराची सोय

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा हे गोंडांचं छोटं गाव आहे. शेजारच्या लेखासोबत ते ‘मेंढा-लेखा’ या जोडनावानेच ओळखलं जातं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क गावाला मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. एवढं बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. त्यामागची रीत मात्र फारशी गाजलेली नाही. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. कुणाचं मन मानत नसेल तर विषय पुढच्या सभेला जातो. त्याच्याही आधी अभ्यासगट बसतो. विषय समजून घ्यायचा, जाणकाराला बोलवायचं, उलटसुलट चर्चा करायची. निर्णय मात्र अभ्यासगटाने घ्यायचा नाही, तो ग्रामसभेचा.

हा लेख खरं तर वेबसाइटवरच्या कुकींचा आहे. त्यात मेंढा कशाला, असं वाटेल. पण संमती म्हणजे काय हे आपल्या राज्यात कुणी घासूनपुसून पाहिलं असेल तर ते गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतल्या गावांनी. १९८०च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांना विरोध झाला, तेव्हापासून धरण, खाण, अभयारण्य, कागद गिरणीचा बांबू अशा एकेका विषयावर इथल्या माणसांना कुणी ना कुणी ‘तुमची हरकत नाही ना?’ असं विचारत आलंय, किंवा न विचारताच पुढे गेलंय. संगणकाच्या पडद्यावर खाली उगवणारी ‘स्वीकारा’ची पट्टी हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे. धाकटा असला तरी तो रोज भेटतो, आणि त्याला उत्तर देताना आपण क्षणभरही थांबत नाही.

आधी कुकी म्हणजे काय ते पाहू. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. तिथल्या दिवाणजीपुढे शेकडो माणसं येतात. कोण कुणाचा, काल किती पुडे दिले, हे त्याच्या ध्यानात राहणं शक्य नाही. म्हणून प्रत्येकाजवळ कार्ड असतं. दिवाणजी त्यावर आकडा लिहितो, कार्ड मजूर घरी नेतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतो. वेबसाइटचा सर्व्हर असाच विसराळू आहे. तुम्ही एक पान उघडलं, मग दुसरं उघडलं, तरी त्याच्या लेखी दोन्ही वेळा नवाच कुणीतरी आला. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण अभियंत्याने यावर तोड काढली. सर्व्हरने एक छोटी नोंद लिहून ब्राउझरकडे द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना दाखवायची. ऑनलाइन खरेदीतली टोपली पान बदललं तरी रिकामी होत नाही, बँकेच्या साइटवर प्रत्येक पानाला पासवर्ड द्यावा लागत नाही, ते या नोंदीमुळे. इथपर्यंत सगळं सोयीचंच आहे.

आता समजा, एकाच व्यापाऱ्याने आपला माणूस जिल्ह्यातल्या प्रत्येक फळीवर बसवला, शिवाय आठवडी बाजारात, किराणा दुकानात आणि दवाखान्याच्या दारातही बसवला. आणि तुमच्या नकळत तुमच्या खिशात एकच क्रमांक असलेलं दुसरं कार्ड सरकवून दिलं. तुम्ही कुठं गेलात, काय घेतलंत, कुठलं औषध विचारलंत, सगळं त्या क्रमांकापुढे जमा होत जाईल. हीच तिऱ्हाइताची, म्हणजे थर्ड-पार्टी, कुकी. तुम्ही बातम्यांची साइट उघडता, पण त्या पानात जाहिरात कंपनीचा एक तुकडा बसवलेला असतो आणि तो आपली नोंद तुमच्या ब्राउझरमध्ये लिहून जातो. पुढे हवामानाच्या साइटवर, पाककृतींच्या साइटवर, परीक्षेच्या निकालाच्या साइटवर त्याच कंपनीचा तुकडा असला की क्रमांक जुळतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. संगणकावर क्रोममध्ये एखाद्या मोठ्या बातम्यांच्या साइटवर जा, कीबोर्डवरची एफ-१२ ही कळ दाबा, उघडलेल्या चौकटीत ‘ॲप्लिकेशन’ या नावाखाली ‘कुकीज’ शोधा. एक तक्ता दिसेल. पहिल्या रकान्यात नोंदीचं नाव, दुसऱ्यात तिचं मूल्य, म्हणजे बहुतेक वेळा अर्थहीन दिसणारी लांबलचक अक्षरमाळ, पुढे ती कोणत्या पत्त्याची आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत टिकेल. क्रोम आता कुठल्याही कुकीला ४०० दिवसांपेक्षा जास्त मुदत देत नाही. म्हणजे मध्ये पुन्हा भेट झाली नाही तरी वर्षाहून अधिक काळ ती तुमची वाट पाहू शकते. त्या तक्त्यात तुम्ही कधी नावही न ऐकलेले पत्ते दिसले, तर ते तिऱ्हाइतांचे.

चंद्रपूरचंच उदाहरण घ्या. ताडोब्याची सफारी ऑनलाइन ठरवताना नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. मोहर्ली किंवा कोलारा गेटवर तो पडताळतात, हे आपल्याला माहीत असतं. मागणी आणि कारण एकमेकांना धरून आहेत. पण त्याच संध्याकाळी ‘ताडोब्याजवळ राहण्याची सोय’ असं कुठे शोधलं, की पुढचा आठवडाभर रिसॉर्टच्या जाहिराती प्रत्येक पानावर पाठलाग करतात. पहिली माहिती आपण जाणून दिली. दुसरी कधी दिली हे आठवत नाही, कारण ती देताना आपल्याला कुणी नीट विचारलंच नव्हतं.

विचारलं पाहिजे, हे युरोपने कायद्यात लिहिलं. २००२च्या निर्देशात २००९ साली दुरुस्ती झाली आणि वाचकाच्या यंत्रावर काही ठेवण्याआधी संमती हवी असा नियम आला. त्यात ज्यांच्याशिवाय साइट चालणारच नाही अशा कुकींना सूट आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याने संमती म्हणजे काय याची कसोटी कडक केली. आणि मग सुरू झाली पळवाटांची शर्यत. जर्मनीतल्या एका बक्षीस योजनेच्या साइटने संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती. नको असेल त्याने ती काढावी. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की ही संमती नव्हे. मग साइटवाल्यांनी ‘सगळं स्वीकारा’ हे बटण मोठं आणि रंगीत केलं आणि नकार तीन पानं आत नेऊन ठेवला. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने त्यासाठी गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. मुद्दा एवढाच होता की होकाराला एक टिचकी पुरते, मग नकाराला कित्येक का?

नकार सोपा केला तर काय होतं, याचा एक हिशेब उपलब्ध आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनमध्ये एक साधा प्रश्न आणला: हे ॲप इतर ॲप आणि साइटवर तुमचा माग काढू इच्छितं, चालेल का? खाली दोनच पर्याय, एकाखाली एक. पुढच्या फेब्रुवारीत फेसबुकच्या पालक कंपनीने गुंतवणूकदारांना सांगितलं की या बदलामुळे २०२२च्या उत्पन्नाला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. जी संमती नीट विचारल्याबरोबर अब्जावधींनी आटते, ती आधी कितपत खरी होती, हे वाचकांनीच ठरवावं.

साइटमागे हे सगळं सांभाळणारी एक यंत्रणा असते. तिला संमती व्यवस्थापन म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम मात्र राखणदाराचं. पान उघडताच जाहिरातीचे आणि मोजणीचे तुकडे तिने रोखून धरायचे, वाचकाला प्रश्न विचारायचा, उत्तराप्रमाणे एकेकाला आत सोडायचं, उत्तराची तारीखवार नोंद ठेवायची आणि वाचकाचं मन बदललं तर सगळ्यांना पुन्हा बाहेर काढायचं. यातली पहिली पायरीच सगळ्यात जास्त चुकते. पट्टी दिसते, तुम्ही अजून ‘स्वीकारा’वर बोटही ठेवलेलं नसतं आणि तोवर तुकडे आत शिरून आपली नोंद लिहून मोकळे झालेले असतात. एफ-१२च्या त्याच तक्त्यात हे पकडता येतं: पट्टीला हात न लावता कुकींची यादी पाहा. ती तिऱ्हाइतांच्या पत्त्यांनी आधीच भरलेली असेल, तर ती पट्टी केवळ शोभेची.

आधी काम, मग संमती, हा क्रम जंगलाच्या जिल्ह्यांना नवा नाही. ३ ऑगस्ट २००९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पत्रक काढलं की वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याच्या प्रस्तावासोबत ग्रामसभेची संमती जोडलेली हवी. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अशा सभेला किमान निम्मे सदस्य हजर हवेत, त्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, असं ठरलं. पुढे २०२२च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांचा निवाडा राज्यांवर सोपवला, आणि केंद्राची मंजुरी आधी अन् गावाला विचारणं नंतर, अशी वाट मोकळी झाली. एकदा मंजुरीचा कागद हातात असला की नंतरच्या सभेत नकाराला किती वजन उरतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

नकार पेलणारं गाव कसं असतं ते पाहायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहावं. २०१२ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून गावाने रोजगार उभा केला, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. तेंदूचा पैसा हंगामात रोख हाती येतो, म्हणून हे सोपं नव्हतं. पण चांगली पानं फुटावीत म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, त्याने जंगलाची हानी होते, असा विचार करून लोकांनी उत्पन्नावर पाणी सोडलं. प्रश्न कळला होता, विचाराला वेळ मिळाला होता, आणि ‘नाही’ म्हटल्याने कुणी रेशन थांबवणार नव्हतं. या तिन्ही गोष्टी असल्या की मगच होकाराला किंमत येते.

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा. ११ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. कायदा कुकीचं नाव घेत नाही. माणूस ओळखू येईल अशी कुठलीही डिजिटल माहिती त्याच्या कक्षेत येते आणि खिशातल्या क्रमांकाचं कार्ड त्यात बसतं. संमती मुक्त, नेमकी, माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, ती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. देणं जितकं सोपं तितकंच परत घेणं सोपं हवं. वाद झाला तर संमती नीट घेतली होती हे कंपनीने सिद्ध करायचं. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. कागदावर हे युरोपच्या तोडीचं आहे, आणि मुलांच्या बाबतीत काकणभर सरसच.

पण हा कायदा गडचिरोलीतल्या भामरागडला पोचतो कसा, ते पाहिलं पाहिजे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असं कायदा म्हणतो. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे, संथाली आहे, बोडो आहे. गोंडी नाही. माडिया नाही, कोलामी नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २९ लाखांहून अधिक आहे. संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारही नव्हते, आणि संस्कृत अनुसूचीत आहे. संस्कृतशी माझं भांडण नाही. पण भामरागडच्या माडिया बाईला तिच्या भाषेत विचारण्याचं बंधन कुणावरच नसावं, हे खटकतं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आणलेल्या ‘आदि वाणी’ या भाषांतर ॲपमध्ये गोंडी आहे. तेव्हा गोंडीत लिहिता येत नाही, ही सबब आता चालू नये.

दुसरी अडचण बोटांची. या भागात बरेच ऑनलाइन अर्ज माणूस स्वतः भरत नाही. तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रात तो जातो, कागद देतो, ओटीपी सांगतो, आणि चालक पटापट बटणं दाबत जातो. ‘भाऊ, हे काय आहे?’ ‘काही नाही, ओके करावं लागते.’ इथे कायद्याची ‘स्पष्ट कृती’ कुणी केली? बोट चालकाचं, माहिती दुसऱ्याची. त्याला दोष देऊन काही होणार नाही. बाहेर रांग असते, लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि पडद्यावरची अट इंग्रजीत असते. कुकीची आणखी एक गंमत इथे दिसते. ती माणसाला ओळखत नाही, ब्राउझरला ओळखते. सेवा केंद्राच्या एका संगणकावर दिवसभरात येणारे सगळे जण त्या जाहिरात कंपनीच्या लेखी एकच इसम असतात. घरात एकच फोन असला की तेच होतं: बापाने खताचं दुकान शोधलं, आईने पोटदुखीवर औषध विचारलं, पोरीने बारावीचा निकाल पाहिला, आणि तिघांची मिळून एक कुंडली तयार झाली. मुलांसाठीचं कायद्याचं संरक्षण अशा फोनवर कसं पाळायचं, हे साइटवाल्याला माझ्या मते ठाऊक नाही आणि नियमांनीही धड सांगितलेलं नाही.

तिसरी गोष्ट सरकारची. अनुदान, दाखला, परवाना देण्यासाठी राज्य संस्थांना काही अटींवर नव्याने संमती न घेताही माहिती वापरता येते. त्या व्यक्तीने पूर्वी कुठल्या योजनेसाठी संमती दिलेली असली किंवा माहिती सरकारी नोंदवहीत आधीच असली की पुरे. या जिल्ह्यांत डिजिटल व्यवहारातला मोठा वाटा सरकारी योजनांचाच आहे. म्हणजे संमतीचा हा सगळा डोलारा इथल्या माणसाच्या फार थोड्या व्यवहारांना लागू पडेल. तरीही जिथे लागू पडतो तिथे तो नीट लावून घ्यायला हवा.

कायद्यात संमती व्यवस्थापक नावाची एक नवी जागा आहे. ही तरतूद आधी, नोव्हेंबर २०२६ मध्ये लागू होईल. भारतात नोंदलेली, किमान दोन कोटी रुपये निव्वळ मालमत्ता असलेली कंपनी डेटा संरक्षण मंडळाकडे नोंदणी करून हे काम करू शकेल. तुम्ही कुणाला काय परवानगी दिली ते एका ठिकाणी पाहायचं, हवं तेव्हा मागे घ्यायचं. आणि तिने ही नोंद किमान सात वर्षं जपायची. कल्पना चांगली आहे. पण दोन कोटींची अट पाहता ग्रामसभांचा महासंघ, महिला बचत गटांचा संघ किंवा एखादी स्थानिक संस्था या जागी येण्याची शक्यता नाहीच्या बरोबर. ज्यांच्याजवळ जाऊन माणूस ‘हे माझं नाव काढून टाका’ असं आपल्या भाषेत सांगू शकला असता, तेच बाहेर राहिले.

आता आपल्या हातातलं. सफारी ब्राउझर २०२० पासून तिऱ्हाइतांच्या कुकी आपणहून अडवतो, फायरफॉक्स माग काढणाऱ्या ओळखीच्या कंपन्यांना अडवतो. क्रोमने २०२० मध्ये तसं आश्वासन दिलं होतं, ते जुलै २०२४ मध्ये मागे घेतलं. तिथे सेटिंगमध्ये जाऊन ‘थर्ड-पार्टी कुकी ब्लॉक करा’ हा पर्याय स्वतः निवडावा लागतो. तो आजच निवडा. साइटने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली तर ‘ब्लॉक करा’ म्हणायला संकोच नको. काही बिघडत नाही. सेवा केंद्र चालवत असाल तर प्रत्येक ग्राहकानंतर लॉगआउट करा आणि ब्राउझरचा इतिहास व कुकी पुसा, किंवा सरळ इन्कॉग्निटो खिडकीत काम करा. आणि तुम्ही साइट बांधणारे असाल, मग ती बाजार समितीची असो, पतसंस्थेची असो वा गावच्या बातम्यांची, तर पट्टी कशी दाखवायची यावर डोकं घालण्याआधी एक विचारा: हे माग काढणारे तुकडे मुळात हवेत कशाला? पानाला किती भेटी झाल्या एवढंच हवं असेल तर त्यासाठी वाचकाला क्रमांक डकवावा लागत नाही. जे ठेवायचं ते ठेवा. होकार आणि नकार शेजारी शेजारी, एकाच आकाराचे द्या. प्रश्न चार ओळींत मराठीत लिहा, आणि वाचक गोंडी किंवा माडिया बोलणारे असतील तर त्याच चार ओळी कुणाकडून तरी बोलून घेऊन आवाजात टाका. वाचता न येणाऱ्यालाही त्या ऐकता येतील. यासाठी मे २०२७ची वाट पाहण्याचं कारण नाही.